रात्री साडेबाराला उगवलेला सूर्य

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या आलेखावर सूर्य रात्री साडेबाराला उगवला. एका सौर प्रकल्पाची वर्षभराची नोंद होती, दर पंधरा मिनिटांना एक आकडा. बेरजा जुळत होत्या, आलेखाचा घुमटही सुरेख आला होता. फक्त तो सकाळी सातला माथ्यावर पोचत होता आणि दुपारी एकला मावळत होता. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, जरा खिडकीबाहेर बघ." प्रकल्पातलं उपकरण ग्रिनिचची वेळ नोंदवत होतं, आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे.

पुण्यात दरवर्षी संख्याशास्त्र, गणित, संगणक किंवा विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन कितीतरी मुलंमुली डेटा ॲनालिस्ट व्हायला निघतात. बँका आणि दुकानदारीच्या डेटाकडे बरेच जण वळतात, विजेकडे थोडे. मला वीज आवडते, कारण इथे आकड्याला निसर्गाचे नियम लागू असतात. ग्राहक उद्या साबण घेईल की नाही, हे सांगणारा नियम नाही. पण तारेतून जितकी ऊर्जा आत गेली तितकी कुठेतरी बाहेर पडलीच पाहिजे. हिशेब जुळला नाही तर काहीतरी शोधायचं राहिलंय, एवढं नक्की.

आपल्याकडे विजेच्या दिवसाचे ९६ भाग करतात, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. कुठलं केंद्र कुठल्या भागात किती वीज देणार आणि कोण किती घेणार, हे आधी ठरतं. इतकी बारकाई लागते कारण वीज मोठ्या प्रमाणात साठवणं अजूनही महाग आहे. मागणी आणि निर्मिती दर क्षणी जुळवावी लागते. ती जुळते की नाही हे वारंवारतेवरून, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते त्यावरून, कळतं. मागणी वाढली की जनित्रं किंचित मंदावतात आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली येते, मागणी घटली की वर जाते. ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राहावी असा दंडक आहे. २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वीजवाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं विजेचं जाळंही उरलेल्या देशाच्या तालात आलं. तेव्हापासून भोसरीतली मोटर आणि गुवाहाटीतला पंखा एकाच ठेक्यावर फिरतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ टेबलावरच्या पंख्याकडे बघत बसले होते.

आता ज्या कामाने मला खरं शिकवलं ते सांगते. एका औद्योगिक फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून कारखान्यांकडे वीज नेणाऱ्या वाहिनीचा, ताळेबंद माझ्याकडे होता. उपकेंद्रातून किती युनिट निघाले आणि त्या फीडरवरच्या सगळ्या मीटरांत मिळून किती नोंदले गेले, यांतला फरक काढायचा. थोडा फरक असतोच, तारा तापतात. पण एका महिन्यापासून तो एकदम फुगला होता आणि सगळी घट एकाच कारखान्याच्या मीटरशी येऊन थांबत होती. मी अहवालात लिहिलं, 'वीजचोरीची शक्यता.' पाठवण्याआधी मॅडमनी मला तिथल्या वायरमन काकांबरोबर जागेवर पाठवलं.

मोठ्या कारखान्याचा प्रवाह थेट मीटरमधून जात नाही. मधे सीटी नावाचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो प्रवाहाचं लहान रूप मीटरला दाखवतो. सीटी १००/५ असेल तर १०० अँपिअरचे ५ होतात, म्हणून मीटरवरच्या युनिटांना २० ने गुणायचं. या गुणकाला सगळे एमएफ म्हणतात. कारखान्याने नवीन यंत्रं घेतली होती, भार वाढला होता, म्हणून सीटी बदलून २००/५ चा बसवलेला होता. काकांनी पाटीवर बोट ठेवून दाखवलं. गुणक ४० हवा होता. आमच्या तक्त्यात २० च राहिला होता. निम्मी वीज कागदावरून नाहीशी झाली होती. अहवाल तसाच वर गेला असता तर एका प्रामाणिक माणसाच्या दारात भरारी पथक उभं राहिलं असतं. त्यानंतर एमएफचा रकाना आणि मीटर बदलल्याची तारीख तपासल्याशिवाय मी एकही ताळेबंद सोडलेला नाही.

मागणीचा अंदाज बांधतानाही हेच होतं. बाहेरून आणलेलं तयार गणित रविवारी उद्योगांची मागणी घटेल असं धरून चालतं. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी मात्र गुरुवारी. पुण्यात वाढलेल्या मुलीला हे कुणी शिकवावं लागत नाही. गणिताला शिकवावं लागतं.

वाऱ्याचं गणित आणखी नाजूक. पवनचक्कीला मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनावर ठरते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर वारा सेकंदाला सहा मीटरऐवजी सात मीटरने वाहिला तर वाऱ्यातली शक्ती जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढते. अंदाजातली छोटी चूक इथे पैशांत मोठी होऊन बाहेर येते.

आणि कधीकधी माणसंच अंदाजाच्या पुढे जातात. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे बंद ठेवायचं आवाहन झालं. देशभरातली मागणी आणि निर्मिती जुळवणाऱ्या राष्ट्रीय भार प्रेषण यंत्रणेने घरगुती दिव्यांचा हिशेब करून मागणी सुमारे १३ हजार मेगावॅटने उतरेल असं धरलं होतं. उतरली सुमारे ३१ हजारांनी. तरीही जाळं टिकलं, कारण मोठी राखीव तयारी ठेवली होती आणि जलविद्युत केंद्रांनी भराभर निर्मिती उतरवली, मग तितक्याच भराभर चढवली. अंदाज चुकू शकतो हे धरून ज्यांनी आखणी केली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. अंदाज देताना आकड्याबरोबर तो किती चुकू शकेल हेही सांगायची सवय पहिल्या वर्षातच लावून घ्यावी.

साधनांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एसक्यूएल, पायथन आणि एक्सेल नीट यायला हवं, बाकीचं कामावर शिकता येतं. विद्युत शाखेची पदवी नसली तरी चालेल. किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांतला फरक मात्र झोपेतही सांगता आला पाहिजे. पहिला विजेच्या वाहण्याचा वेग, दुसरी वाहून गेलेली एकूण वीज. मुलाखतीत इथेच बरेच जण अडखळताना मी पाहिले आहेत.

सरावाला डेटा विकत घ्यावा लागत नाही. देशाचं विजेचं जाळं चालवणारी ग्रिड-इंडिया ही सरकारी कंपनी वीजपुरवठ्याचा अहवाल रोज प्रसिद्ध करते, त्यात राज्यवार आकडे असतात. पुण्यातल्याच प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने देशभर ठिकठिकाणी यंत्रं बसवून व्होल्टेजची मिनिटामिनिटाची नोंद केली आणि ती लोकांसाठी खुली ठेवली. पदवीच्या शेवटच्या वर्षात महाराष्ट्राच्या रोजच्या मागणीचा वर्षभराचा आलेख काढून भिंतीवर लावा. दिवाळी कुठे आहे ते शोधा, मेमधल्या उकाड्याचे दिवस शोधा. मग जूनकडे या. पहिला मोठा पाऊस पडला की घराघरांतले एसी आणि शेतांतले पंप एकदम थांबतात. तो दिवस तारीख न बघता ओळखता येतो का, करून पाहा.