सावजी रस्सा आणि वाइन : एका अवघड जोडीची पार्श्वभूमी

सावजी मटणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, हा प्रश्न नागपुरात बहुधा हसण्यावारी नेला जातो. तिखट जेवणासमोर वाइन टिकत नाही, अशी समजूत त्यामागे असते आणि ती अगदीच निराधार नाही. मात्र वाइनच्या जोडीचे जे नियम आज सांगितले जातात, ते कोणत्या जेवणासाठी आणि कोणत्या हवेत तयार झाले, हे पाहिले की या समजुतीचा बराचसा उलगडा होतो.

युरोपातही पूर्वी श्रीमंतांच्या मेजावर अनेक पदार्थ एकाच वेळी मांडले जात. एकोणिसाव्या शतकात तेथे रशियन पद्धतीची वाढणी रूढ झाली आणि पदार्थ एकामागून एक येऊ लागले. प्रत्येक पदार्थासोबत वेगळी वाइन देण्याची कल्पना या क्रमामुळेच नीट रुजू शकली. माशांबरोबर पांढरी आणि मटणाबरोबर लाल, हा सर्वपरिचित नियम अशाच क्रमवार जेवणात शोभतो. आपल्या ताटात भाकरी, रस्सा, कांदा आणि लिंबू एकत्रच येतात, आणि प्रत्येक घासाची चव जेवणारा स्वतः जुळवतो. अशा ताटापुढे एका पदार्थाला एक वाइन हे गणित पहिल्या घासालाच कोलमडते.

भारतात मिरची आणि द्राक्षाची वाइन यांची गाठ मात्र फार पूर्वीच पडली होती, तीही पेल्यात नव्हे तर भांड्यात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अमेरिकेतील मिरची भारतात आणली. वाइन आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसाचा त्यांचा एक पदार्थ गोव्यात पोहोचला, तेथे वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली, त्यात मिरची आणि मसाले पडले आणि विंदालू तयार झाले. मिरची स्थिरावली आणि वाइन गळाली, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. पुढे इंग्रजांच्या छावण्यांत, त्यांत १८२१ मध्ये वसलेली नागपूरजवळची आपली कामठीही आली, मदिरा (मडेरा), पोर्ट आणि क्लॅरेट या युरोपीय वाइनचे स्थान साहेबांच्या मेजापुरते राहिले. ब्रिटनमध्ये करीसोबत बिअर पिण्याची सवय विसाव्या शतकात पक्की झाली. तेथील भारतीय जेवणाला उंची हॉटेलांचा दर्जा मिळत गेला, २००१ मध्ये लंडनच्या टॅमरिंड आणि झायका या उपाहारगृहांना मिशेलिन तारा हा उत्तम उपाहारगृहांचा मान मिळाला, आणि करीसोबत जर्मनीची रीसलिंग किंवा फ्रान्सच्या आल्सास भागातील गेवुर्त्झट्रामिनर या पांढऱ्या वाइन सुचवणे नेहमीचे झाले. तो सल्ला लंडनच्या करीला जुळतो. सावजीच्या तिखटाची कल्पना तेथे कोणी केली असेल, असे वाटत नाही.

सावजी जेवण हे नागपूरच्या हलबा कोष्टी या विणकर समाजाचे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि नागपूर गिरण्यांचे शहर बनले. विणकरांच्या घरातला हा स्वयंपाक पुढे खानावळींतून शहरभर गेला. खसखस, सुके खोबरे, दगडफूल आणि भाजलेले खडे मसाले यांचा काळपट रस्सा, पारंपरिक घरांत जवसाचे तेल, आणि वर तरंगणारी लाल तर्री, ही त्याची ओळख. मटण असो, डाळकांदा असो वा पाटोडी रस्सा, तर्रीवाचून चालत नाही.

वाइनची खरी परीक्षा या तर्रीतच आहे. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तेलात विरघळते. म्हणजे तिखटाचा मोठा वाटा वरच्या तेलातच असतो आणि तो जिभेवर चिकटून राहतो. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये कॅप्सेसिन ओळखणारा चेतातंतूंवरील ग्राहक (रिसेप्टर) शोधला आणि या कामासाठी त्यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हाच ग्राहक सुमारे ४२ अंश सेल्सिअसपुढील उष्णताही ओळखतो, म्हणून तिखट आपल्याला भाजल्यासारखे लागते. मद्यार्क त्याचा उंबरठा खाली आणतो, त्यामुळे तोंडातील साधी ऊबही चटका वाटू लागते. चौदा-पंधरा टक्के मद्यार्काची, टॅनिन या तुरट घटकाने भरलेली कॅबर्ने ही लाल वाइन सावजीसोबत घेतल्यास जिभेची आग आणि तुरटपणा एकमेकांना वाढवतात. मटण म्हणजे लाल वाइन, हा नियम येथे सरळ उलटा पडतो. व्हिस्कीने तिखट उतरते, हा आपल्याकडचा आत्मविश्वासही याच कारणाने फसवा आहे. याउलट किंचित गोडवा आग दबवतो, आंबटपणा तेलाचा जडपणा कमी करतो आणि थंड पेल्याने जिभेला थोडा वेळ आराम मिळतो.

महाराष्ट्राच्या वाइनचा इतिहास या गरजेला नकळत जवळचा ठरला. नारायणगावच्या इंडेज या कंपनीने १९८० च्या दशकात फसफसणारी वाइन बाजारात आणली. नाशिकमध्ये १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सुलाने शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनपासून सुरुवात केली, आणि राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. नाशिककडची हलक्या गोडीची शेनँ ब्लाँ माझ्या मते सावजीसाठी परदेशी कॅबर्नेपेक्षा कितीतरी योग्य आहे, आणि खिशालाही हलकी आहे. फसफसणाऱ्या वाइनबाबत मी सावध राहीन, कारण बुडबुडेही जिभेला टोचतात.

विदर्भात मात्र ही ओळख हळूहळू झाली. द्राक्षांचा पट्टा दूर, शेजारच्या वर्ध्यात गांधीजींच्या वास्तव्यामुळे आलेली दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासूनची, आणि चंद्रपुरात २०१५ ते २०२१ ही बंदीची वर्षे. मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा मंत्रिमंडळाचा जानेवारी २०२२ चा निर्णयही विरोधात अडकला.

उरतो प्रश्न हवामानाचा. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातील गार घरांचा आहे, जेथे खोली म्हणजे सोळा ते अठरा अंश. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा नागपुरातील खोली वाइनला उकडून काढते आणि तिचा मद्यार्क नाकाला आधी जाणवतो. सुक्या मटणाबरोबर हलकी लाल वाइन घ्यायचीच असेल, तर तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडावी.