दोलनी अभिक्रियांद्वारे सूक्ष्म पदार्थांचा शोध

काही रासायनिक अभिक्रिया सरळ शेवटाकडे जात नाहीत. त्यांच्या द्रावणाचा रंग आणि विद्युतविभव ठरावीक अंतराने पुढेमागे होत राहतो. त्यांना दोलनी अभिक्रिया म्हणतात. अशा चालू द्रावणात परका पदार्थ अत्यल्प प्रमाणात पडला तरी लय बिघडते, आणि ती किती बिघडली यावरून तो पदार्थ किती होता हे काढता येते. गोव्यापुरते बोलायचे तर या पद्धतीचा संबंध दोन ओळखीच्या गोष्टींशी येतो : भिरंड (कोकम) आणि खारे पाणी.

रशियन रसायनशास्त्रज्ञ बोरिस बेलोसोव्ह यांना १९५१ च्या सुमारास ब्रोमेट, सिट्रिक आम्ल आणि सीरियम या धातूचे लवण यांच्या मिश्रणाचा रंग पिवळा-रंगहीन-पिवळा असा पालटताना दिसला. 'असे घडणे अशक्य' म्हणून त्यांचा लेख परत आला. १९५९ मध्ये तो प्रारणवैद्यकाच्या गोषवाऱ्यांच्या संग्रहात, म्हणजे जिथे कोणी शोधणार नाही तिथे, छापला गेला. अनातोली झाबोटिन्स्की यांनी १९६१ पासून सिट्रिकऐवजी मॅलोनिक आम्ल वापरून हे काम पुढे नेले. तीच बेलोसोव्ह-झाबोटिन्स्की अभिक्रिया. तिचा कणा ब्रोमाइड, म्हणजे ब्रोमीनचा ऋणभारित आयन, आहे. ब्रोमाइड पुरेसे असेपर्यंत एक प्रक्रिया चालते; ते संपत आले की दुसरी भडकते आणि सीरियमचे ऑक्सिडीकरण होते. ऑक्सिडीकृत सीरियम मग ब्रोमोमॅलोनिक आम्लातून ब्रोमाइड मोकळे करते आणि चक्र पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे ब्रोमाइड पकडणारे चांदीचे आयन किंवा उत्प्रेरकाचे काम करणारा दुसरा धातू आला, की लय लगेच बदलते. सोव्हिएत संशोधकांनी १९७८ मध्ये याच मार्गाने रुथेनियम हा धातू मोजला.

बंद चंचुपात्रातली दोलने रसद संपली की मंदावतात, म्हणून मोजणीसाठी ती फार काळ उपयोगी पडत नाहीत. स्पेनमधील कोर्दोबा येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात यावर तोड काढली. पंपाने ताजे द्रावण सतत आत सोडायचे, तितकेच बाहेर काढायचे आणि स्थिर लयीत चाललेल्या पात्रात नमुन्याचा छोटा डोस टोचायचा. एखाददुसऱ्या लाटेची उंची किंवा कालावधी बदलतो, मग लय पूर्ववत होते आणि त्याच पात्रात पुढचा नमुना घालता येतो. पात्राभोवती स्थिर तापमानाचे पाणी खेळवणे मात्र अटळ. गोव्यात मे महिन्यातल्या दुपारी उघड्या टेबलावर केलेली मोजणी डिसेंबरातल्या सकाळशी जुळणार नाही.

ब्रिग्ज-राउशर अभिक्रिया सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन शाळाशिक्षकांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस तयार केली. तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडेट, मॅलोनिक आम्ल, मँगनीजचे लवण आणि स्टार्च असते. द्रावण रंगहीन, मग मधासारखे, मग एकदम काळेनिळे, पुन्हा रंगहीन. सुरुवातीला फेरी साधारण पंधरा सेकंदांची. ऐन दोलनात प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) घातला की हा खेळ थांबतो. काही वेळाने तो आपोआप पुन्हा सुरू होतो आणि थांबण्याचा काळ ठरावीक मर्यादेत घातलेल्या प्रमाणाबरोबर वाढतो. भिरंडाच्या सालीतले गार्सिनॉल आणि अँथोसायनिने याच जातीची, त्यामुळे आगळाचे, म्हणजे भिरंडाच्या घट्ट रसाचे, मापन या पद्धतीने करता येण्यासारखे आहे. अडचण आगळाच्या लालीची : आम्लात ती खुलते आणि डोळ्याला फसवते. म्हणून रंगावर न जाता प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवरचा विभव नोंदवावा आणि आगळ भरपूर पातळ करून थेंबभरच घ्यावे. हाती येणारा आकडा एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेचा असतो, गार्सिनॉलचा एकट्याचा नव्हे. 'आरोग्यदायी' अशी चिठ्ठी लावणाऱ्यांनी हा फरक सहसा पाळलेला दिसत नाही.

खाऱ्या पाण्याची गोष्ट उलटी आहे. क्लोराइडमुळे बेलोसोव्ह-झाबोटिन्स्की अभिक्रिया रखडते, प्रमाण वाढले तर बंदच पडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात तर सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. मांडवी-झुआरीच्या पाण्यात खाणपट्ट्यातून आलेले मँगनीज मोजू गेल्यास ते स्वतः उत्प्रेरक म्हणून लय एकीकडे ओढणार आणि क्लोराइड तिला दाबणार. लाट दोघांची नावे वेगळी सांगत नाही. आधी क्लोराइड काढून टाकावेच लागते. पावसाळ्यात या नद्या जवळपास गोड्या होतात, उन्हाळ्यात खार बराच आतवर चढतो. नमुन्याच्या बाटलीवर महिना आणि भरती-ओहोटीची वेळ लिहिलेली नसेल, तर दोलन का थांबले याचा अंदाज बांधायलाही जागा उरत नाही.