साठ वर्षांनी पिक्चर मोकळा होतो, पण तोवर प्रिंट उरते का?

कॉपीराइट संपलेला जुना पिक्चर कुणीही दाखवावा, अपलोड करावा, वाटावा, पण त्यासाठी आधी प्रिंट तर शिल्लक पाहिजे ना, आणि आपल्याकडे घोळ तिथेच झालाय.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ ला आला, चार रिळांचा, आज तो पूर्ण कुणाकडेच नाही. 'आलम आरा', १९३१, आपला पहिला बोलपट, त्याची तर एकही प्रिंट नाही, पोस्टर आणि फोटोंवर भागवायचं. मूकपट हजाराच्या वर निघाले, त्यातले अर्धेमुर्धे धरूनसुद्धा काही डझनच उरलेत, खूप वाईट वाटतं.

कारण म्हणजे नायट्रेटची फिल्म, त्या काळी पिक्चर ज्यावर छापायचे ती. पटकन पेटायची, दमट हवेत चिकट होऊन शेवटी भुकटी व्हायची, वर तिच्यात चांदी, मग पिक्चर उतरला की गोडाऊनचं भाडं कोण भरत बसणार, रिळं चांदीसाठी गाळायला जायची. १९६४ ला पुण्यात फिल्म अर्काइव्ह, म्हणजे जुने पिक्चर जपणारी सरकारी संस्था, सुरू झालं आणि तिथल्या पी. के. नायर यांनी मिळेल तिथून डबे गोळा केले, फाळक्यांचं जे काही आज बघायला मिळतं त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पण २००३ ला तिथल्याच नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि एवढ्या जमवलेल्यातलं बरंच पुन्हा गेलं.

आता कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पिक्चरच्या हक्काला प्रदर्शनानंतर ५० वर्षांची मुदत होती, लेखकाच्या हक्काला त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची. रवींद्रनाथ गेले १९४१ ला, म्हणजे त्यांचे हक्क १९९१ ला संपणार होते, ते वाचवायला मुदत ६० केली आणि त्यात पिक्चरही आले, म्हणजे बघा, एका कवीमुळे सगळ्या सिनेमाची तारीख दहा वर्षं पुढे गेली! म्हणून १९५३ चा 'श्यामची आई' १ जानेवारी २०१४ ला मोकळा झाला. गाण्यांचं मात्र वेगळं, गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे मोकळ्या पिक्चरमधलं गाणंसुद्धा अडकलेलं असू शकतं.

रिस्टोरेशन म्हणजे रीळ धुणं, एकेक फ्रेम स्कॅन करणं, ओरखडे काढणं, आवाज साफ करणं, महिनोन्‌महिने चालतं आणि पैसाही खूप लागतो. उदय शंकर यांचा 'कल्पना' २०१२ ला असाच पुन्हा उभा राहिला. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'पासूनच्या अपूच्या तिन्ही पिक्चरच्या निगेटिव्ह १९९३ ला लंडनच्या लॅबमध्ये जळाल्या होत्या, तरी जळक्या निगेटिव्हचे तुकडे आणि इतर देशांतल्या अर्काइव्हजमधल्या कॉप्या जोडून २०१५ ला ते परत पडद्यावर आले. हिमांशू राय यांचा १९२८ चा 'शिराज' आपण आज बघतो तो ब्रिटिश अर्काइव्हकडे कॉपी होती म्हणून. १९१९ चा 'बिल्वमंगल' तर भारतात नव्हताच, त्याचे उरलेले तुकडे फ्रान्सच्या अर्काइव्हमध्ये निघाले. म्हणजे जे वाचलं ते बरंचसं कॉपी दुसरीकडे कुठेतरी होती म्हणून वाचलं, आणि आता, गाण्यांचे हक्क अडकलेले नसतील तर, मुदत संपलेल्या पिक्चरच्या अशा शंभर कॉप्या शंभर ठिकाणी ठेवायला कायद्याची आडकाठी नाही.