श्रेयनामावली (चित्रपटारंभीची)

चित्रपटाच्या सुरुवातीला निर्माता, दिग्दर्शक, कलावंत व तंत्रज्ञ यांची नावे दाखवणारा भाग. नावे दाखवणे ही मुळात व्यावसायिक करारांची गरज. तथापि कथा सुरू होण्यापूर्वीच्या या दोन-तीन मिनिटांत संगीत आणि दृश्ये यांच्या मेळातून प्रेक्षकाच्या मनाची विशिष्ट भावस्थिती तयार करता येते. पूर्वी ही नावे बहुधा स्थिर पाट्यांवर येत आणि प्रेक्षक तोवर आपली जागा शोधत असत.

हे चित्र बदलणाऱ्यांत अमेरिकन आरेखनकार सॉल बास (१९२०–९६) अग्रणी होत. ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५) या चित्रपटात काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांतून अखेरीस एक वेडावाकडा हात साकारतो. एल्मर बर्नस्टाइन यांच्या जाझ संगीतामुळे व्यसनाधीन नायकाची तगमग तो दिसण्याआधीच जाणवू लागते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) याहून सूक्ष्म काम आढळते. कॅमेरा एका स्त्रीच्या ओठांवरून तिच्या अस्वस्थ डोळ्यांकडे जातो, पडदा लाल होतो, डोळ्याच्या बाहुलीतून शीर्षक पुढे येते आणि मग काळोखात जॉन व्हिटनी यांनी यंत्राच्या साहाय्याने रेखलेली रंगीत सर्पिले (वेटोळ्यांसारख्या आकृती) फिरू लागतात. बर्नार्ड हरमन यांच्या संगीतात एक स्वरमालिका चढत असताना दुसरी उतरते, कान ज्या स्वरावर विसावू पाहतो तो स्वर येतच नाही आणि मधूनच पितळी वाद्ये दणका देतात. नायकाला उंचीच्या भयाने येणारी भोवळ अशा रीतीने डोळे आणि कान या दोहोंना एकदमच लागते.

भारतात सत्यजित राय यांनी याच्या अगदी उलट, संथ वाट धरली. ‘जलसाघर’मध्ये (१९५८) काळोखात हेलकावणारे झुंबर आणि विलायत खाँ यांचे संगीत एवढ्यावरच ऱ्हासाची चाहूल लागते. ‘चारुलता’मध्ये (१९६४) नावे येत असताना नायिकेचे हात रुमालावर पतीच्या नावाचे आद्याक्षर भरत राहतात, घटना म्हणावी अशी काहीच घडत नाही, पण तिचे रिकामपण एकाही संवादाविना कळते.

१९७०च्या दशकानंतर संपूर्ण नामावली शेवटी देण्याची प्रथा वाढत गेली, त्यामुळे संवादांच्या अडथळ्याविना संगीतकाराला मिळणारा हा अवकाश बराच आक्रसला.