ब्राउझरमधला पॉप-अप ब्लॉकर आणि त्याची सेटिंग

एखाद्या वेबसाइटने आपण न सांगता नवी विंडो नाहीतर नवा टॅब उघडायला घेतला की तो अडवणारी ब्राउझरमधली सोय म्हणजे पॉप-अप ब्लॉकर. क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी, ऑपेरा, ब्रेव्ह या सगळ्यांत तो आधीपासूनच चालू असतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि म्हणूनच तो आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. लक्षात येतो तेव्हा उलट्याच कारणाने येतो: पावतीचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, बँकेचं पेमेंटचं पान उघडलं नाही, दुसऱ्या खात्यातून लॉगिन करायची छोटी विंडो आलीच नाही. मग घाईघाईत ब्लॉकर सरसकट बंद केला जातो आणि तो तसाच बंद राहतो. याची काहीच गरज नसते, ज्या साइटचं काम अडलंय तेवढ्या एकाच साइटला सूट देता येते आणि बाकी जगासाठी ब्लॉकर चालू ठेवता येतो. या सेटिंगमध्ये शिकण्यासारखं मुख्य काम हेच आहे.

हे आलं कुठून

१९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट ही वेबपानांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा आणली आणि तिच्यासोबत पानाला स्वतःहून नवी विंडो उघडायची ताकद मिळाली. हेतू चांगला होता, मदतीची माहिती किंवा मोठं चित्र वेगळ्या खिडकीत दाखवता यावं एवढाच. पण जाहिरातवाल्यांनी ते लगेच उचललं. ट्रायपॉड नावाच्या साइटवर लोक आपापली वेबपानं बनवायचे, तिथे एका मोटार कंपनीची जाहिरात लैंगिक मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी भडकली, तेव्हा जाहिरात पानापासून वेगळी दिसावी म्हणून तिथल्या ईथन झुकरमन यांनी ती स्वतंत्र विंडोत उघडणारा कोड लिहिला. पुढे २०१४ मध्ये त्यांनी एका लेखात याबद्दल जाहीर माफी मागितली.

२००० च्या आसपास तर कहर झाला, एक विंडो बंद केली की दोन उघडायच्या, काही जाहिराती चालू विंडोच्या मागे लपून बसायच्या (त्यांना पॉप-अंडर म्हणतात) आणि ब्राउझर बंद केल्यावरच दिसायच्या, त्यामुळे कुठल्या साइटने उघडल्या हेही कळायचं नाही. ऑपेराने हे अडवायची सोय फार लवकर दिली, पुढे फायरफॉक्स काढणाऱ्या मोझिलानेही दिली, २००३ मध्ये गूगल टूलबारमध्ये (ब्राउझरला वरून जोडायची गूगलची पट्टी) ती आली. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटसोबत इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ब्लॉकर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स १.० आलं. तिथून पॉप-अप जाहिरातीचा धंदा उतरणीला लागला.

ब्लॉकर ओळखतो कसं

ब्लॉकरला जाहिरात कुठली आणि कामाची विंडो कुठली हे कळत नाही, तो मजकूर वाचतच नाही. तो बघतो एवढंच, की ही विंडो उघडायच्या अगदी आधी माणसाने क्लिक केलं होतं का किंवा की दाबली होती का. केलं असेल तर जाऊ देतो, नसेल तर अडवतो. शिवाय एका क्लिकवर साधारण एकच विंडो मिळते, एका क्लिकवर पाच उघडायला गेलं तर क्रोम पहिलीला सोडतं आणि पुढच्या अडवतं.

क्लिकची ही मुदत थोडकीच असते, काही सेकंदांची. त्यामुळे आपण बटण दाबतो, साइट सर्व्हरला विचारायला जाते, उत्तर यायला वेळ लागतो आणि मग विंडो उघडायला बघते, तोपर्यंत क्लिक शिळा झालेला असतो आणि ब्लॉकर आडवा येतो. एकच बटण एकदा चालतं आणि एकदा चालत नाही, नेट फास्ट असलं की चालतं, याचं कारण बहुतेक वेळा हेच. साइट बनवणाऱ्यांनी खरं तर क्लिक झाल्याबरोबर रिकामी विंडो उघडून ठेवावी आणि उत्तर आलं की त्यात पत्ता भरावा, किंवा सरळ त्याच टॅबमध्ये पान दाखवावं, पण कित्येक सरकारी आणि ऑफिसच्या साइट अजून जुन्याच पद्धतीने चालतात आणि त्रास वापरणाऱ्याला होतो.

या नियमात पळवाटही आहे. व्हिडिओचं खोटं प्ले बटण, पानावर पसरलेली पारदर्शक लिंक, फसवं बंद करायचं चिन्ह, यावर क्लिक केला की तो खराच क्लिक ठरतो आणि विंडो उघडते. म्हणून २०१८ च्या सुरुवातीला आलेल्या क्रोम ६४ पासून असे प्रकार करणाऱ्या साइटना क्लिकनंतरही नवी विंडो उघडू न द्यायची व्यवस्था आली.

सेटिंग कुठे असते

सेटिंगच्या पानापर्यंत जायचीच गरज बहुतेकदा पडत नाही. क्रोममध्ये विंडो अडवली गेली की पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एक छोटं चिन्ह येतं, त्यावर क्लिक केलं की अडवलेल्या विंडोची लिंक दिसते आणि खाली या साइटला नेहमी परवानगी द्यायची की अडवणं चालू ठेवायचं हे निवडता येतं. एजमध्येही जवळपास असंच. एकदाच काम असेल तर परवानगी न देता नुसत्या त्या लिंकवर क्लिक करा, विंडो उघडते. विशेषतः पैसे भरायच्या पानावर हे करून बघा, कारण परवानगी देऊन पान रिफ्रेश केलं तर व्यवहार मध्येच तुटू शकतो किंवा फॉर्म पुन्हा भरावा लागतो.

कायमची यादी बघायची असेल तर क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेनूतून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, आणि तिथे पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स. वरचा पर्याय सगळ्या साइटसाठी असतो, तो अडवण्यावरच राहू द्या, खाली दोन याद्या असतात, परवानगी असलेल्या साइट आणि नसलेल्या, त्यात अॅड करून पत्ता टाकायचा. ऑपेरा, ब्रेव्ह यांचाही पाया क्रोमचाच असल्याने वाट तशीच आहे. एजमध्ये हे साइट परमिशन्सच्या भागात सापडतं, पण एजचे मेनू व्हर्जनप्रमाणे हलत असतात, तेव्हा सेटिंग्जच्या शोधपट्टीत पॉप-अप टाइप करणं सोपं.

फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज उघडून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये परमिशन्सपर्यंत खाली यायचं, तिथे पॉप-अप विंडो अडवायची टिक असते आणि शेजारी एक्सेप्शन्सचं बटण, सूट त्या बटणातून द्यायची, टिक काढायची नाही. मॅकवरच्या सफारीत सेटिंग्जमधल्या वेबसाइट्स टॅबमध्ये डावीकडे पॉप-अप विंडोज निवडलं की प्रत्येक उघड्या साइटपुढे तीन पर्याय येतात: अडवा आणि कळवा, अडवा, उघडू द्या. यातला कळवणारा पर्याय सगळ्यात कामाचा, कारण नुसतं अडवलं तर काही अडलंय हेच समजत नाही.

सूट देताना एक गोष्ट हमखास चुकते. यादीत पत्ता टाकायचा तो विंडो उघडणाऱ्या साइटचा, म्हणजे आपण ज्या पानावर बटण दाबतो त्याचा, उघडणाऱ्या नव्या विंडोचा नाही. दुकानाच्या साइटवरून बँकेचं पान उघडत नसेल तर परवानगी दुकानाच्या साइटला लागते. आणि ही यादी त्या ब्राउझरपुरती आणि त्या प्रोफाइलपुरती असते, क्रोममध्ये दिलेली सूट फायरफॉक्सला कळत नाही. ब्राउझिंग डेटा साफ करताना साइट सेटिंग्जवर टिक राहिली तर सगळ्या सवलती पुसल्या जातात, मग कालपर्यंत चालणारं बटण आज का चालत नाही असा गोंधळ होतो.

ब्लॉकरच्या हाताबाहेरचं

ब्लॉकर चालू असूनही पॉप-अप येतात अशी तक्रार फार असते, आणि त्यातलं बरंचसं पॉप-अप नसतंच. पानाच्या आतच मजकुरावर येणारी चौकट, ईमेल द्या, कुकी मान्य करा वगैरे, ही त्या पानाचाच भाग असते, नवी विंडो नव्हे, ती लपवायला अॅड-ब्लॉकर एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचा, जाहिराती अडवणारा छोटा प्रोग्राम) लागतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात येणाऱ्या सूचना म्हणजे कधीतरी आपणच एखाद्या साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी, ती साइट सेटिंग्जमध्येच पण नोटिफिकेशन्स या वेगळ्या यादीत जाऊन काढायची. आणि ब्राउझर उघडायच्या आधीच किंवा कुठल्याही साइटवर जाहिराती यायला लागल्या तर कॉम्प्युटरमध्ये अॅडवेअर (जाहिराती दाखवणारा नको असलेला प्रोग्राम) नाहीतर एखादं नको ते एक्स्टेन्शन घुसलेलं असू शकतं, तिथे ही सेटिंग काही करू शकत नाही.

तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा असं ओरडणारं पान पूर्ण स्क्रीन व्यापून आलं तर घाबरू नका, फोन तर अजिबात करू नका. एस्केप दाबून बघा, नाही जमलं तर विंडोजवर ऑल्ट आणि एफ-४ दाबून विंडो बंद करा, क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यातून तेवढाच टॅब संपवता येतो. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर आधीची पानं परत आणायची का विचारलं तर नाही म्हणा.

सूट देऊनही अडत असेल तर

मग अडवणारा दुसराच कोणीतरी असतो. अॅड-ब्लॉकर एक्स्टेन्शनचा स्वतःचा पॉप-अप नियम असतो, काही अँटिव्हायरसचाही असतो, आणि ते ब्राउझरची यादी बघत नाहीत. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करून बघितलं की दोषी सापडतं. ऑफिस किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मात्र सेटिंग करड्या रंगात अडकलेली दिसू शकते आणि ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो असं वाक्य मेनूत येतं, तिथे नियम आयटी विभागाने वरून लावलेला असतो आणि आपण काही बदलू शकत नाही. त्यांच्याकडे मागणी करताना नुसतं पॉप-अप चालू करा असं न लिहिता बटण ज्या पानावर आहे त्याचा पूर्ण पत्ता आणि कुठलं बटण दाबल्यावर अडतं हे लिहून द्या, म्हणजे त्यांना तेवढीच साइट यादीत घालता येते.