कार्डांची मर्यादा सहा लाख, वर्षाचा पगारही सहा लाख

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गृहकर्जाची फाइल करायला बसलो की आमचा एक प्रश्न ठरलेला असतो: क्रेडिट कार्डे किती, आणि सगळ्यांची मिळून मर्यादा किती? पगार लोक रुपयापर्यंत सांगतात. या प्रश्नाला मात्र "असेल दोन-तीन लाख" असे उत्तर येते. मग क्रेडिट रिपोर्ट (तुमच्या सगळ्या कर्जांची आणि कार्डांची नोंद) उघडतो आणि बेरीज सहा लाखांवर जाते. मधल्या काळात बँकेचा मेसेज आलेला असतो, "मर्यादा वाढवा" वर बोट दाबलेले असते आणि गोष्ट विसरलेली असते.

मर्यादा उत्पन्नाच्या किती पट असावी, असा आकडा भारतात ठरवून दिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मर्यादा ठरवताना बँकेने इतर ठिकाणच्या तुमच्या मर्यादाही विचारात घ्यायच्या आहेत, आणि तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवायची नाही. सिंगापूरमध्ये नियम कडक आहे. तिथे सगळ्या बँकांचे मिळून व्याज चालू असलेले विनातारण कर्ज महिन्याच्या उत्पन्नाच्या 12 पटींवर सलग तीन महिने राहिले, की नवी उधारी बंद होते. आपल्याकडे हा हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा.

बेरीज करताना

एकाच बँकेची दोन कार्डे असतील तर बरेचदा मर्यादा एकच, दोघांत वाटून असते. ती दोनदा धरू नका. पत्नीला किंवा मुलाला काढून दिलेले ॲड-ऑन कार्डही तुमच्याच मर्यादेतून चालते. मुदत ठेवीवर घेतलेले कार्ड वेगळे लिहा. त्याची मर्यादा ठेवीवरून ठरते, पगारावरून नाही.

मर्यादेपेक्षा थकबाकी महाग पडते

समजा हातात येणारा पगार 50,000, म्हणजे वर्षाचे 6 लाख. तीन कार्डांच्या मर्यादा अडीच, दोन आणि दीड लाख, म्हणजे त्याही 6 लाख. एवढ्यावरून घाबरायचे कारण नाही. पण फ्रिज, दवाखाना, गावची जत्रा करत थकबाकी 1,20,000 झाली, तर अनेक बँका तिचे 5 टक्के, म्हणजे 6,000 रुपये, महिन्याचा हप्ता असल्यासारखे धरतात. सगळे हप्ते मिळून निम्म्या पगारात बसवायचे असतील तर घरासाठी 25,000 ऐवजी 19,000 उरतात. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी लाखाला हप्ता साधारण 868 रुपये पडतो. म्हणजे जवळपास 29 लाखांचे कर्ज 22 लाखांच्या आसपास येते. सव्वा लाखाहून कमी उधारी, आणि घराच्या कर्जातून सात लाख गेले.

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून भागत नाही ते असे. महिना साडेतीन टक्के दराने एका लाखावर 3,500 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 630. तुम्ही 5,000 भरलेत, तर मुद्दलातून गेले 870. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

जास्तीचे कार्ड बंद करू का?

घाईने नको. दोन कार्डे, मर्यादा 2 लाख आणि 1 लाख, वापर 60,000, म्हणजे एकूण मर्यादेच्या 20 टक्के. मोठे कार्ड बंद केले की तोच वापर 60 टक्के दिसतो आणि क्रेडिट स्कोअर (तुमची पत दाखवणारा आकडा) घसरू शकतो. 30 टक्क्यांच्या आत राहिलेले बरे, असा आमचाही सल्ला असतो. कर्जाचा अर्ज दोन महिन्यांवर आला असेल तर बिल बनायच्या तारखेआधीच रक्कम भरून टाका, म्हणजे रिपोर्टमध्ये आकडा लहान जातो. बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल तर वाढीव मर्यादा घ्यायला हरकत नाही. बाकी पुढे ढकलत असाल तर तो मेसेज तसाच राहू द्या.

इन्कम टॅक्सच्या बाजूने

हे दुकानदार ग्राहकांनी जरूर वाचावे. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी 10 लाख किंवा जास्त (रोखीने 1 लाख) भरले, तर बँक ते प्राप्तिकर विभागाला कळवते. पॉइंट मिळतात म्हणून मित्रांची खरेदी स्वतःच्या कार्डावर करून देणारे बरेच आहेत. विवरणपत्रात उत्पन्न 5 लाख आणि कार्डाची बिले 11 लाख असतील, तर विचारणा होऊ शकते. तेव्हा मित्राने परत दिलेल्या पैशांची नोंद दाखवता आली पाहिजे. रोखीने परत घेऊ नका, खात्यावर घ्या.

भेटीला येताना प्रत्येक कार्डाचे शेवटचे स्टेटमेंट, तीन महिन्यांची पगारपत्रके किंवा दोन वर्षांची विवरणपत्रे आणि क्रेडिट रिपोर्ट आणा. सिबिलसह चारही कंपन्या वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत देतात, त्यामुळे पैसे भरून काढू नका. कार्डांचे नंबर आणि ओटीपी आम्हाला लागत नाहीत; आमच्या नावाने कोणी मागितले तर देऊ नका.