काठिण्य-अनुकूलन (शैक्षणिक खेळांतील)

संगणक किंवा मोबाइलवरील शैक्षणिक खेळात पुढचा प्रश्न किती अवघड असावा, हे खेळाडूच्या आधीच्या उत्तरांवरून खेळानेच ठरवण्याची पद्धत. केवळ इयत्ता पाहून पातळी ठरवली, की एकाच वर्गातली काही मुले कंटाळतात, तर काही रडकुंडीला येतात.

सर्वांत साध्या प्रकारात लागोपाठ काही उत्तरे बरोबर आली की पातळी वर जाते, चुकली की खाली येते. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांच्या ‘मॅथ गार्डन’ या अंकगणिताच्या खेळाने मात्र बुद्धिबळातील एलो मानांकनाचा, म्हणजे हारजितीवरून खेळाडूचे बळ आकड्यात मांडण्याच्या पद्धतीचा, आधार घेतला. यात मूल आणि गणित हे जणू प्रतिस्पर्धी. उत्तर बरोबर आले तर मुलाचे मानांकन वाढते आणि गणिताचे घटते. चुकले तर उलट. ७ × ८ अनेकांना अडू लागले, की त्याचे मानांकन आपोआप चढते. ते किती अवघड, हे शिक्षकाला आधी सांगावे लागत नाही. वेळेचाही हिशेब असतो. पडद्यावरील नाणी सेकंदागणिक एकेक करून कमी होतात. बरोबर उत्तराला उरलेली नाणी मिळतात, चुकीच्या उत्तराला तितकीच जातात. त्यामुळे घाईने ठोकलेला अंदाज सर्वांत महाग पडतो. उत्तर येत नसेल तर प्रश्नचिन्ह दाबून सुटता येते.

खरा वाद यशाचे प्रमाण किती राखावे, याचा आहे. अनुकूली परीक्षेत, म्हणजे आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडणाऱ्या परीक्षेत, निम्मी उत्तरे चुकतील असे प्रश्न निवडले, की क्षमतेचा अंदाज सर्वांत लवकर येतो. पण दर दुसऱ्या गणिताला आपटणारे मूल उद्या खेळायला बसेलच असे नाही. म्हणून मॅथ गार्डनमध्ये यशाची शक्यता साधारण ७५ टक्के धरली जाते, आणि मुलाला ६० किंवा ९० टक्क्यांची पातळीही निवडता येते. संख्याज्ञानात अडखळणाऱ्या मुलांसाठी ॲना विल्सन, स्टानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ‘नंबर रेस’ या खेळाचे लक्ष्यही ७५ टक्केच होते. मापनाची अचूकता थोडी सोडून उत्साह टिकवण्याचा हा व्यवहार आहे. ७५ या आकड्यात त्यापलीकडे जादू नाही.

उत्तर का चुकले, हे मानांकनाला कळत नाही. हातचा विसरलेले, पेंगुळलेले आणि भावाच्या हाती मोबाइल देऊन उठलेले मूल त्याला सारखेच. नव्या खेळाडूची माहितीच नसल्याने सुरुवात वय किंवा इयत्तेवरूनच करावी लागते. शिवाय सगळ्यांनाच ७५ टक्क्यांच्या आसपास ठेवल्यामुळे बरोबर उत्तरांच्या टक्केवारीवरून दोन मुलांची तुलना करता येत नाही. त्यासाठी शिक्षकाला मानांकन आणि चुकलेली गणितेच पाहावी लागतात.